मी पडले नाही, बसले

ती. स्व. अण्णा यांस,

ज्योत्स्नाचा शिरसाष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी सध्या एकदम खाली वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा साष्टांग मी उभ्यानेच, एक हात भिंतीला लावून घातला आहे असं समजावं. आशीर्वाद मात्र नेहमीसारखा पूर्ण द्यावा.) तुमचा गुडघा, वहिनींचा कुंडीतला मोगरा आणि शेजाऱ्यांचं ते रात्रंदिवस भुंकणारं कुत्रं, सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा करते. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. मी तर फारच ठीक आहे, आणि हे तुम्हाला पटवून देणं हाच या पत्राचा हेतू आहे.

पत्र लिहायचं कारण तुम्हीच आहात. काल तुमचा फोन आला. "ज्योत्स्ना, ते सगळे चाळे आजपासून बंद," असं तुम्ही म्हणालात, रविवारी येऊन मला महिनाभर विश्रांतीसाठी इगतपुरीला नेणार असल्याचं जाहीर केलंत आणि फोन ठेवलात. त्या सबंध संभाषणात माझ्या वाट्याला फक्त "हॅलो" आलं. तुम्ही जन्मभर रेल्वेत गाड्या सोडल्यात. हिरवा झेंडा दाखवला की समोरच्याने निघायचं, त्याला काही सांगायचं असू शकतं हे तुमच्या डोक्यातच येत नाही. पत्राला मात्र मध्येच तोडता येत नाही. आणि तुम्ही तर वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा शेवटपर्यंत वाचता, तेव्हा बहिणीचं पत्र अर्ध्यावर टाकणार नाही असा माझा विश्वास आहे.

तर पहिली गोष्ट, मी पडले नाही. मी बसले. बसायची जागा चुकली, एवढंच. झालं असं की आमच्या तृप्तीने (सून म्हणून गुणी आहे, पण फोनवर बोलताना तिला विशेषणं आवरत नाहीत) तिच्या आईला सांगितलं की सासूबाईंना घेरी आली. तिच्या आईने सिन्नरला कळवलं की त्या कोसळल्या. सिन्नरहून ही बातमी घोटीला गेली तेव्हा मी जिन्यावरून गडगडले होते, आणि तिथून तुमच्याकडे येईपर्यंत मी गच्चीवर उड्या मारताना खाली आले असं झालं. आमची सोसायटी सात मजल्यांची आहे, अण्णा. गच्चीवरून खाली आले असते तर काल "हॅलो" तरी कोण म्हणालं असतं?

आता मुळात साठीला आलेल्या बाईने उड्या मारायला सुरुवात का केली, ते सांगते. दिवाळीनंतर ह्यांच्या भाचीचं लग्न सिन्नरला झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही आला नव्हतात, कारण तुमचा गुडघा. तो लग्नाच्याच वेळी बरा कसा दुखतो, हा विषय निराळा). मुलाकडच्यांची हौस अशी की पंगत जुन्या पद्धतीची हवी. पाट, चौरंग, ताटाभोवती रांगोळी. मी हौसेने बसले, पोटभर जेवले, आणि उठायची वेळ आली तेव्हा उठताच येईना. आधी डावा गुडघा पुढे करून पाहिला, मग उजवा. मग चौरंगाला धरून पाहिलं, तर चौरंगच माझ्याकडे यायला लागला. दुसरी पंगत बसायची होती, लोक माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले होते. शेवटी आचाऱ्याची दोन माणसं आली. त्यांनी मला, मोठं पातेलं कडांनी धरतात तसं दोन्ही बाजूंनी धरलं, आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "एकदम नको उचलू, मागं मठ्ठा हाये." एक, दोन, तीन म्हणून त्यांनी मला उभं केलं. फोटोग्राफर तिथेच होता. लग्नाची जी ध्वनिचित्रफीत सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरली, तीत नवरीच्या एंट्रीनंतर लगेच माझी उचल आहे, खाली सनईसकट.

घरी सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळे हसले. मीही हसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नुसती उभी राहिले. अण्णा, आपली आई शेवटची काही वर्षं कुणीतरी उठवेल म्हणून वाट बघत बसून असायची, ते तुम्हीही पाहिलं आहे. मला पातेलं व्हायचं नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग भरतो. शिकवायला बिलकिस नावाची मुलगी येते. तरुण, सडपातळ, खो-खोत राज्यापर्यंत खेळलेली. द्वारका चौकाच्या पलीकडे राहते, आणि तो कायम गाड्यांनी तुंबलेला चौक रोज स्कूटरवरून पार करून आमच्याकडे वेळेवर पोचते, एवढ्यावरूनच तिच्या अंगातल्या चपळाईची कल्पना यावी. पहिल्या दिवशी मी नऊवारीच्या खालोखाल जाड अशी सुती साडी नेसून आणि आमच्या मयूरचे जुने पांढरे बूट घालून खाली उतरले. बिलकिसने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "काकू, बूट चालतील. साडी उद्या घरी ठेवा." माझ्यामागे दोघी-तिघी फिसकन हसल्या, पण ती हसली नाही. तेव्हाच मला ती आवडली. पुढे पंजाबी ड्रेस आला, माझ्या मापाचे बूट आले, आणि एका छोट्या डब्यातून निघणाऱ्या धडधडत्या गाण्यांवर मी हातपाय हलवायला लागले. ह्यांचं म्हणणं असं की या वयात हाडं जपून ठेवायची असतात, वाजवून बघायची नसतात. (हे अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून स्वतः इतके जपून ठेवलेले आहेत की सोफ्यावर ह्यांच्या आकाराचा खळगा झाला आहे.) मी लक्ष दिलं नाही. होळीच्या सुमारास एका दुपारी मी जमिनीवर मेथी निवडायला बसले आणि कुणालाही हाक न मारता उठले. घरात कुणी पाहिलं नाही. म्हणून मी पुन्हा बसले आणि पुन्हा उठले.

आता घेरीकडे येते. खरं म्हणजे ती काही त्याच दिवशी पहिल्यांदा आली नाही. (हे वाक्य ह्यांनी अजून वाचलेलं नाही.) गेले काही आठवडे वर्ग संपला आणि मी थांबले की डोकं हलकं व्हायचं, कानात कुकरची शिट्टी लांब कुठेतरी व्हावी तसं व्हायचं आणि पार्किंगमधल्या गाड्या आपापल्या जागेवरून जराशा सरकायच्या. मी खांबाला धरून बुटाची नाडी बांधते आहे असं दाखवायची. माझ्या बुटांना नाडी नाही, पट्टी आहे, पण आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी मनाशी म्हणायची, पित्त असेल. दुसऱ्या दिवशी म्हणायची, नवा चष्मा असेल. फॅमिली डॉक्टरांनी मध्यंतरी रक्तदाबाची गोळी बदलून जरा जास्त ताकदीची दिली होती, तिचा यात काही हात असेल हे मात्र सुचलं नाही, कारण गोळी ही बरं करायला असते अशी माझी समजूत. बिलकिस पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बजावायची की येण्याआधी थोडं काहीतरी खा, मध्ये पाणी प्या, आणि शेवटी एकदम थांबू नका, चालत चालत श्वास खाली येऊ द्या. मी मान डोलवायची. छत्तीस वर्षं संसार केला आहे, मान डोलवून मनातलं करायची कला अंगात भिनली आहे. पाणी प्यायलं की मध्येच वर जावं लागतं, म्हणून पाणी मी बंदच केलं होतं. आणि शेवटचं चालणं मला वेळेचा अपव्यय वाटायचा, कारण वर कणिक भिजवायची राहिलेली असायची.

त्या दिवशी संकष्टी होती. म्हणजे पोटात रक्तदाबाची गोळी आणि ती गिळण्यापुरतं घोटभर पाणी, बस. ऊन सकाळीच चढलं होतं. शेवटचं गाणं सगळ्यांत जोरकस असतं, त्यात गुडघे वर उचलत जागच्या जागी पळायचं असतं. मी पळत होते, आणि चांगली पळत होते, तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. ह्यांचा. बायको तीन मजले खाली व्यायाम करते आहे हे ह्यांना माहीत होतं, पण साखरेचा डबा सापडत नव्हता. मी पळता पळता एकदम थांबले, फोन कानाला लावला आणि खांबासारखी उभी राहिले. मी म्हटलं, "ओट्याच्या वर, डावीकडे." हे म्हणाले, "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं होतं. फार चांगलं उत्तर सुचलंही होतं. पण तोवर शिट्टी सुरू झाली, गाड्या सरकल्या, खांब माझ्यापासून लांब गेला, आणि मी विचार केला की पडण्यापेक्षा बसलेलं बरं. मागे खुर्ची आहे हे मला माहीत होतं. तीत आमच्या सोसायटीचे अध्यक्ष निमसे साहेब वर्तमानपत्र वाचत बसले आहेत, हे त्या क्षणी विसरले.

अण्णा, प्लास्टिकची खुर्ची एका माणसासाठी बनवलेली असते. तिचा मागचा पाय मोडला आणि मी, निमसे साहेब आणि अग्रलेख असे तिघे फरशीवर आलो. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त मान उचलता येत नव्हती. मग माणसं धावली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल (ती नाकाशी धरायची असते म्हणे. ज्यांची होती त्यांनी ती आधी धुवायला हवी होती), कुणी तोंडात साखर कोंबली, कुणी माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवली. बिलकिसने सगळ्यांना हाताने मागे सारलं, मला सपाट झोपवलं, मोडकी खुर्ची आडवी करून माझे दोन्ही पाय तिच्यावर ठेवले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, मी आहे. उठायची घाई नाही." थोड्याच वेळात छत जागेवर आलं. मग पाहिलं तर हे समोर उभे, कानाला फोन तसाच, चेहरा पांढराफटक. म्हणाले, "सापडला डबा." अण्णा, तो माणूस तीन मजले अनवाणी धावत उतरला होता. म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. नंतर बोलले.

पुढे जे झालं ते या घेरीपेक्षा वाईट. घरात मला बिछान्यावर टाकण्यात आलं. ह्यांनी माझे बूट माळ्यावर टाकले, तेही इतके आत की आता ते काढायला ह्यांनाच व्यायाम करावा लागेल. आणि संध्याकाळी निमसे साहेबांची सूचना फळ्यावर लागली, की व्यायामाचा वर्ग बंद करण्यात येत असून बाहेरच्या व्यक्तींना आवारात येऊ दिलं जाणार नाही. बिलकिस गेल्या वर्षापासून येते आहे. निमसे साहेबांच्या नातीचा वाढदिवस झाला तेव्हा मुलांचे खेळ तिनेच घेतले होते. तेव्हा ती बाहेरची नव्हती. माझ्या बुडाखाली खुर्ची मोडली आणि ती बाहेरची झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्याचा रक्तदाबाशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी तृप्ती मला डॉक्टर गायधनी बाईंकडे घेऊन गेली. हेही आले, डॉक्टर व्यायाम बंद करा म्हणतील तेव्हा ते स्वतःच्या कानांनी ऐकायला. बाईंनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं, मला झोपवून रक्तदाब घेतला, लगेच उभं करून पुन्हा घेतला, आणि मग कालच्या सकाळचा सगळा हिशेब विचारला. मी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबलात की ते ढकलणं थांबतं, रक्त पायांतच राहतं आणि डोक्याला कमी पडतं. त्यात पोट रिकामं, अंगात पाणी नाही, वर रक्तदाब उतरवणारी जोराची गोळी. घेरी येणार नाही तर काय होणार? हे लगेच म्हणाले, "म्हणजे बंदच करायला हवं." बाई म्हणाल्या, "उपाशी जाणं बंद करा. तहानेलं राहणं बंद करा. एकदम थांबणं बंद करा. आणि त्या वेळात घरून फोन करणं बंद करा. व्यायाम चालू ठेवा." गोळी त्यांनी कमी ताकदीची करून दिली. परतीच्या रिक्षात हे बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसले. मी मात्र रिक्षावाल्यालाही सगळं सविस्तर सांगितलं.

परवा पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. मी गेली अनेक वर्षं या सभांना जाते ती शेवटच्या रांगेत बसून शेंगा सोलायला. परवा पुढे बसले. निमसे साहेब कमरेला पट्टा बांधून आले होते. ते म्हणाले, उद्या कुणाचा जीव गेला तर जबाबदार कोण, तिच्याकडे कसलं प्रमाणपत्र आहे, आणि आपण असले धोके का पत्करायचे? बिलकिस कोपऱ्यात स्कूटरजवळ उभी होती, मान खाली घालून. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी उठले. ह्यांनी माझी ओढणी मागून धरली. मी ओढणी त्यांच्याकडे सोडून पुढे गेले.

मी सांगितलं की या मुलीने मला खाऊन ये, पाणी पी, हळूहळू थांब असं रोज सांगितलं आणि मी रोज मान डोलावून एकही गोष्ट केली नाही. चूक माझी, बसले मी, खुर्ची मोडली मी. बंदी घालायची तर माझ्यावर घाला. निमसे साहेब म्हणाले, "भावनेच्या भरात बोलू नका, वहिनी." मी म्हटलं, "गेल्या वर्षी पाण्याची टाकी बघताना तुम्ही शिडीवरून घसरलात. आपण शिडी बंद केली का?" लोक हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, आधीच म्हणत होतो, असल्या लोकांना आत घेऊ नका. असल्या म्हणजे कसल्या, हे मी तिथेच विचारलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा सगळे वर पंख्याकडे बघायला लागले, आणि पार्किंगमध्ये पंखा नाही.

मग माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी म्हटलं, ठीक आहे, व्यायामाने काय होतं ते बघा. सगळ्यांसमोर फरशीवर मांडी घालून बसले, आणि जमिनीला, खांबाला, कुणालाच हात न लावता सावकाश उठले. उठल्यावर जरा थांबले. (लोकांना वाटलं भाषणासाठी थांबले. मी गाड्या जागेवर आहेत ना ते बघत होते. होत्या.) म्हटलं, आता पन्नाशीपुढच्या कुणीही हे करून दाखवावं, मी वर्ग सोडते. मग पुरुषांच्या नव्हे, बायकांच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मनीषाताई निमसे, म्हणजे खुद्द अध्यक्षांच्या सौभाग्यवती. पहिल्या दिवसापासून "आमच्या ह्यांना आवडत नाही" म्हणून खिडकीतून वर्ग बघणारी बाई. त्या पुढे आल्या, पदर खोचला आणि बसल्या. बसल्या छान. उठता येईना. निमसे साहेब लगबगीने पुढे झाले तर पट्ट्यामुळे त्यांनाच वाकता येईना. मग बिलकिस कोपऱ्यातून आली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आधी एक गुडघा टेका मावशी. आता हात मांडीवर. मी ओढणार नाही, तुम्हीच उठणार." आणि मनीषाताई उठल्या. थोड्या डगमगल्या, लाल झाल्या, पण स्वतः उठल्या. उभ्या राहून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी उद्यापासून येणार आहे. फळ्यावरचं पुसा."

फळ्यावरचं पुसलं गेलं. निमसे साहेबांनी दोन अटी घातल्या, पाण्याचा माठ खाली ठेवायचा आणि त्यांची खुर्ची विजेच्या मीटरच्या पलीकडे राहील. दोन्ही मान्य झाल्या. काल सकाळी वर्ग भरला. मी केळं खाऊन गेले, मध्ये पाणी प्यायले, शेवटी गेटपर्यंत चार फेऱ्या रमतगमत मारल्या, आणि छत, खांब, गाड्या सगळं आपापल्या ठिकाणी राहिलं. हे पाण्याची बाटली घेऊन कठड्यावर बसले होते. बाटली त्यांनीच संपवली, पण बसले होते. बूट माळ्यावरून त्यांनीच काढून दिले, आणि दुपारभर खांदा चोळत होते.

म्हणून अण्णा, तुमचा पूर्ण मान ठेवून सांगते की मी इगतपुरीला विश्रांतीला येणार नाही. तुमच्याकडची हवा थंड आहे, मान्य. पण तुमच्याकडे मला खुर्चीवर बसवून पायाखाली स्टूल देतील, तुम्ही कानाशी बातम्या वाचाल, आणि महिन्याभरात मी पुन्हा पातेलं होईन. तुम्ही थोरले आहात, तुम्ही रागवा. मी ऐकून घेईन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरेन.

वहिनींना नमस्कार. कुत्र्याला काही नाही.

तुमची धाकटी बहीण,
ज्योत्स्ना

ता. क. इंद्रायणी तांदूळ संपत आला आहे. जमल्यास थोडा पाठवावा.

ता. क. तांदूळ नाही पाठवला तरी चालेल. खरं कारण वेगळं आहे. काल तुम्ही फोन ठेवलात, आणि दुपारी तुम्ही स्टेशनवर गाड्या बघायला गेल्यावर वहिनींचा फोन आला. माझी तब्येत विचारायला केला होता, पण विचारत होत्या भलतंच. घेरी थांबल्यावर आली की चालतानाच? छाती आवळल्यासारखी झाली का? डाव्या खांद्यात काही? मला हे सगळं ऐकून कसंतरी झालं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, बाजारातून पिशवी घेऊन चढ चढताना अर्ध्यावरच डोळ्यांपुढे अंधारतं आणि छाती घट्ट होते, मग बंद दुकानाच्या पायरीवर बसतात, बरं वाटलं की घरी येतात. गेले दोन महिने. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या जेवणाची आबाळ होईल. मी संध्याकाळी गायधनी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, व्यायाम करून थांबल्यावर घेरी येणं निराळं, आणि चढतानाच छाती आवळून येणं निराळं, ते अंगावर काढायचं नसतं. रविवारची वाट बघू नका, उद्याच आणा (म्हणजे आजच), आणि त्याआधी किंवा वाटेत छातीत दुखायला लागलं तर लगेच जवळचा दवाखाना गाठा.

ता. क. म्हणून हे पत्र पोस्टाने न पाठवता मयूरच्या हाती दिलं आहे. गायधनी बाईंकडची दुपारची वेळ ठरवली आहे. एवढं लांबण मुद्दाम लावलं, कारण तुम्ही एकेक ओळ दोनदा वाचता, आणि तेवढ्या वेळात "आईला बरं नाही, तुमची आठवण काढते" असं सांगून मामीला साडी बदलायला लावून गाडीत बसव, असं मी त्याला बजावलं आहे. तुम्ही इथवर आला असाल तर त्या मागच्या सीटवर बसलेल्या असतील. पुढची तुमच्यासाठी रिकामी आहे. दाराला कुलूप लावा आणि निघा. तुम्हाला सांगणार नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी मोडली. राग येईल त्यांना. येऊ दे, तो काढायला तरी त्या माझ्या घरापर्यंत येतील.